पिल्लाचे दात आणि खळ्यातला बाठा

कुत्र्याचं पिल्लू साधारण दोन महिन्यांचं घरी येतं. पहिल्याच आठवड्यात चपला, केरसुणी आणि काथ्याचं पायपुसणं यांची वाट लागते आणि घरातले सगळे चपला कुठे लपवायच्या या विवंचनेत पडतात. खरं तर आमच्या किनाऱ्यावरच्या घरांत चप्पल ही त्यातल्या त्यात निरुपद्रवी. धोका खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, आणि परसात पडलेला असतो. म्हणून मी पिल्लाला पहिला शब्द शिकवतो तो 'सोड'. 'बस', 'हात दे' वगैरे कौतुकं नंतर.

पिल्लाच्या तोंडात काही दिसलं की आपण ओरडत धावतो, जबडा फाकवून ते ओढून काढतो. तीन-चार वेळा असं झालं की पिल्लू शहाणं होतं: आपण जवळ पोचायच्या आत ते गिळून टाकतं. चपलेचा पट्टा गिळला तर एक वेळ निभावतं. मे महिन्यात हापूसचा बाठा गिळला तर तो लहान आतड्यात अडकतो आणि पोट उघडावं लागतं.

शिकवण्याची पद्धत सोपी आहे, फक्त घाई करायची नाही. सुरुवात पिल्लाला फारशी न आवडणाऱ्या वस्तूने करायची, म्हणजे रबरी खेळण्याने. त्याने ते तोंडात धरलं की उकडलेल्या चिकनचा किंवा अंड्याचा वाटाण्याएवढा तुकडा नाकाशी न्यायचा. तोंड उघडेल त्याच क्षणी 'सोड' म्हणायचं, तुकडा द्यायचा आणि खेळणं परत त्यालाच द्यायचं. हे परत देणं लोक विसरतात. सोडलं की वस्तू कायमची जाते असं पिल्लाला वाटलं, तर पुढच्या वेळी ते पलंगाखाली पळणार. एका बैठकीत पाच-सहा वेळा, दिवसातून दोन-तीन बैठका. चार-पाच दिवसांनी आधी शब्द, मग तुकडा. मग चप्पल, मग माशाचा वास लागलेलं फडकं, असं चढत जायचं. घरात सगळ्यांचा शब्द एकच हवा. आजी 'टाक मेल्या' म्हणते, पोरं 'ड्रॉप' म्हणतात, अशाने पिल्लू कुणाचंच ऐकत नाही. आणि पाठलाग नाही म्हणजे नाही. त्याला तो खेळच वाटतो.

शब्द पक्का होईपर्यंत आवराआवर आपली. वाळत घातलेल्या काजूच्या बिया पिल्लाच्या आवाक्याबाहेर, कारण कच्च्या टरफलातल्या तेलाने तोंड भाजतं, फोड येतात. सुपारीने लाळ, उलट्या, जुलाब आणि जास्त खाल्ली तर थरथर सुरू होते. पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या डांबराच्या गोळ्या आणि माळ्यावरचं उंदराचं औषध ही दोन्ही विषं. मासेमारी बंदीत जाळी घरी येतात, पडवीत बसून दुरुस्ती चालते आणि नायलॉनचे तुकडे जमिनीवर पडतात. असा धागा एका टोकाला जिभेखाली किंवा जठरात अडकला, की त्याच्यावर आतडं नाडी ओढलेल्या लेंग्यासारखं गोळा होतं आणि चिरतं. धागा तोंडातून किंवा गुदद्वारातून लोंबताना दिसला तरी ओढायचा नाही. पिल्लू उचलायचं आणि थेट डॉक्टर. गळ अडकला तरी तेच. किनाऱ्यावर फिरवताना दोरी हातात हवी: रापणीतून (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यातून) फेकून दिलेला केंड मासा मेल्यावरही विषारीच असतो.

विजेच्या वायरींना मी केसिंग पट्टी मारून घेतो आणि चार्जर वापरून झाला की काढतो. मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तो आधी बसवावा. तो माणसांसाठीही लागतोच.

आता चावायला द्यायचं काय? पिल्लाला दुधाचे 28 दात असतात, त्यांच्या जागी 42 येतात. साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास पुढचे दात पडू लागतात, पाच-सहा महिन्यांत सुळे, आणि सातव्या महिन्यापर्यंत दाढा पुऱ्या होतात. खेळण्यावर रक्ताचा एखादा डाग दिसला तर घाबरायचं कारण नाही. या काळात हिरड्यांना गार लागतं ते बरं वाटतं. फ्रीजरमध्ये ठेवलेलं अख्खं गाजर, तवशाची (काकडीची) जाड फोड, ओला करून पिळून गोठवलेला पंचा (धागे सुटू लागले की फेकायचा). सगळ्यांत उपयोगी म्हणजे पोकळ रबरी खेळणं: त्यात मऊ भात, दही आणि काटे काढलेला उकडलेला मासा भरून गोठवायचं. लहान पिल्लू अर्धा तास तरी त्यात गुंतून राहतं. आपल्या दमट हवेत उरलेलं संध्याकाळपर्यंत आंबतं, म्हणून बाटलीच्या ब्रशने रोज घासायचं. खेळणं मागच्या दाढांच्या पलीकडे जाणार नाही एवढं मोठं हवं.

कडकपणाची परीक्षा अंगठ्याच्या नखाने. नख दाबून खूण उमटली नाही तर ती वस्तू दातांसाठी जास्त कडक. करवंटी, मटणवाल्याकडचं नळीचं हाड, बकरीचा खूर तिन्ही नापास. शिजवलेली हाडं तर अजिबात नकोत, त्यांच्या कपच्या होतात. नारळाचं सोडण (वरचं तंतूंचं साल) फुकटचं असतं आणि पिल्लांना आवडतं, हे कबूल. पण त्याचे तंतू पोटात गुंतून गोळा होतो. मी देत नाही.

लाकडी झोपाळ्याला आणि पाटांना लावायला कडू स्प्रे मिळतो. पावसाळ्यात तो फार टिकत नाही, रोज लावावा लागतो, आणि काही पिल्लं तो चाटून साफ करतात. मिरचीपूड लावू नका, डोळ्यांत जाते.

संध्याकाळी सात ते नऊ पिल्लू बेभान होऊन घर फाडतं, तेव्हा ते बहुतेक वेळा झोपेला आलेलं असतं. या वयात दिवसाला 18 ते 20 तास झोप लागते. तासभर जागं राहिलं की मी त्याला पडवीच्या कोपऱ्यातल्या कुंपणात पाणी आणि एक खेळणं देऊन ठेवतो. पाच-दहा मिनिटं कुरकुर, मग घोरणं. एका वेळी दोन-तीनच खेळणी बाहेर, बाकीची डब्यात, तीन दिवसांनी अदलाबदल. आषाढात बाहेर फिरणं बंद पडलं की चावणं वाढतंच. तेव्हा निम्मं जेवण गोणपाटाच्या घड्यांत लपवून द्यायचं. नाकाला काम मिळालं की तोंड थोडं थंडावतं.

एकटं ठेवल्यावरच, तेही फक्त दार किंवा खिडकीची चौकट कुरतडत असेल, सोबत लाळ आणि केकाटणं असेल, तर ते दातांचं नव्हे, भीतीचं लक्षण. त्याला खेळणी पुरत नाहीत. एकटं राहायची सवय मिनिटामिनिटाने लावावी लागते.

सातव्या महिन्यात ओठ वर करून सुळे बघायचे. दुधाचा आणि नवा सुळा शेजारी शेजारी दिसले तर दुधाचा काढून घ्यावा लागतो, नाहीतर नवा वाकडा येतो. दात आले म्हणजे चावणं संपलं असं मात्र नाही, वर्षापर्यंत एक लाट परत येते. म्हणून घर एकदम मोकळं करत नाही. आधी ओटी, मग माजघर, शेवटी आतल्या खोल्या. महिनाभर काही फाडलं नाही तर पुढची खोली उघडायची, फाडलं तर ती परत बंद.