सँत-फामिय: पट्ट्यापट्ट्यांच्या शेतांची पॅरिश

कॅनडातल्या क्वेबेक शहरातून सेंट लॉरेन्स नदीच्या काठाकाठानं पूर्वेला निघालं की थोड्याच वेळात डावीकडे मोंमोरेन्सीचा 83 मीटर उंच धबधबा दिसतो आणि उजवीकडे नदीवरचा पूल. पुलापलीकडे इल दोर्लेआं हे बेट. लांबी साधारण 34 किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त 8. बेटाला वळसा घालणारा रस्ता 67 किलोमीटरचा, त्याचं नाव शमँ रोयाल. बरेच जण स्ट्रॉबेरी आणि जॅमच्या बाटल्या घेऊन त्याच दिवशी परततात. मला पाहायची होती ती सँत-फामिय, बेटावरची सगळ्यांत जुनी पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग. स्थापना 1661 सालची.

वसईकडे ज्याला धर्मग्राम म्हणतात, तीच ही पॅरिश. तिची हद्द मात्र समजते ती शेतांवरून. रस्त्याच्या कडेला उभं राहून उत्तरेला पाहा. समोरचं शेत अरुंद आणि लांबच लांब, थेट नदीपर्यंत उतरत गेलेलं. शेजारचं तसंच, त्यापलीकडचंही तसंच. मागे वळलात तर तोच पट्टा बेटाच्या मधल्या उंचवट्याकडे चढत जातो. फ्रेंच राजवटीत सेन्यर म्हणजे जमीनदार कुळांना जमीन द्यायचा ती अशी, बहुतेकदा तीन-चार आर्पां रुंदीची. एक आर्पां म्हणजे जेमतेम 58 मीटर. तेव्हा रस्ते नव्हतेच, सगळी ये-जा नदीतून. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला थोडा तरी काठ हवा. काठाशी गवताळ कुरण, वर कसदार जमीन, माथ्यावर सरपणाचं जंगल, हे सगळं एका पट्ट्यात मिळायचं. घरं मात्र एकाच ओळीत, हाकेच्या अंतरावर. सेन्यरपद्धत 1854 मध्ये कायद्यानं संपली, पण बांध जागचे हलले नाहीत. बटाट्याच्या सऱ्या आजही नदीकडेच तोंड करून आहेत. इतका जुना निर्णय इतका स्वच्छ वाचता येईल अशी जमीन मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

इथली नदी समुद्रासारखी वागते. भरतीचं पाणी इथवर येतं, पण ते गोडं. खारेपणा जाणवायला लागतो तो बेटाच्या पूर्व टोकानंतर. ओहोटीला उत्तरेकडच्या उथळ प्रवाहाकाठी चिखलाचे रुंद पट्टे उघडे पडतात. 1935 मध्ये पूल झाला, तोवर हिवाळ्यात याच प्रवाहावर बर्फाची वाट असायची. गोठलेल्या नदीत सूचिपर्णी स्प्रूस झाडाच्या फांद्या रोवून मार्ग आखायचे आणि त्यावरून घोड्यांच्या घसरगाड्या पलीकडच्या बोप्रे किनाऱ्यावर जायच्या.

चर्चचं बांधकाम 1743 मध्ये सुरू झालं. करड्या दगडाची भिंत, दर्शनी बाजूला मूर्तींचे कोनाडे आणि वर तीन मनोरे. क्वेबेक प्रांतातल्या गावांत एक किंवा दोन मनोरे नेहमीचे, तीन पाहून मी थबकलेच. 1759 च्या जूनमध्ये जनरल वुल्फचं ब्रिटिश सैन्य बेटाच्या दक्षिण काठावर, सँ-लोराँला उतरलं. त्याआधीच बेटकऱ्यांना गुरंढोरं घेऊन घरं सोडायचा हुकूम झाला होता. परतल्यावर अनेकांना जळकी घरं आणि तुडवलेली शेतं दिसली. चर्च तेवढं उभं राहिलं. जवळच द्रुआँ घराण्याचं 1730 च्या सुमाराचं घर आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत त्यात माणसं राहत होती, तरी नव्या सोयींसाठी फारशी मोडतोड झाली नाही. ते आवर्जून पाहा.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवला तो वंशावळींपाशी. पॅरिशचा पाद्री बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद करायचा. एक प्रत चर्चकडे, दुसरी न्यायालयाकडे. क्वेबेकमध्ये 1994 पर्यंत या चर्चच्या नोंदी सरकारी जन्ममृत्यू नोंदी म्हणूनही चालत. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईबापांबरोबर धर्मपिता-धर्ममातेची नावं असतात, आणि सही करता येत नसेल तर तेही लिहिलेलं असतं. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकच्या पंड्यांच्या वह्यांत पिढ्या सापडतात, तशा इथे सतराव्या शतकापासूनच्या सापडतात. म्हणूनच उत्तर अमेरिकेत पसरलेली कितीतरी फ्रेंच घराणी आपलं मूळ शोधत या छोट्या गावात येतात. गान्यों, लेतुर्नो, द्रुआँ, आस्लँ ही आडनावं त्यातलीच.

या नोंदींतली एक गोष्ट मला फार आवडली. लग्न होऊन पाचदहा मुलं झाली, नवरा वारला, दुसरं लग्न झालं, तरी दफनाच्या नोंदीत बाई साधारणपणे माहेरच्या आडनावानंच येते, सोबत अमक्याची बायको किंवा विधवा असा उल्लेख. त्यामुळे आईकडची पिढीही तितक्याच सरळपणे मागे नेता येते. रोजच्या व्यवहारात पुढे नवऱ्याचं आडनाव रूढ झालं खरं, पण 1981 पासून क्वेबेकच्या कायद्यानं लग्नानंतरही बाईचं जन्माचं आडनावच कायम ठेवलं आहे.