एक्सटीवर लुआ ५.१: पूर्णांकांची आवृत्ती चालू लागली

आधी सध्याची स्थिती. एक्सटी हा जुना पीसी: ४.७७ मेगाहर्ट्झचा ८०८८ प्रोसेसर, ६४० केबी मेमरी, अपूर्णांकांचं गणित करणाऱ्या ८०८७ चिपचा सॉकेट रिकामा. डॉसच्या प्रॉम्प्टवर 'लुआ' टाइप केलं की लुआ ही छोटी प्रोग्रामिंग भाषा, आवृत्ती ५.१, हजर होते. टेबलं, क्लोजर, को-रूटीन, भाषेतलं सगळं चालतं. आधीच्या नोंदीपर्यंत ती नुसती रांगत होती. आता तिच्यावर काम करता येतं, आणि हा फरक मुख्यतः एका बदलाने पडला आहे: लुआचे आकडे 'डबल' (अपूर्णांक मावणारा ८ बाइटचा प्रकार) न ठेवता पूर्णांक केले.

आवृत्ती ५.१ च का, असं काहींनी विचारलं होतं. २००६ च्या या आवृत्तीतल्या लुआकॉन्फ.एच या सेटिंगच्या फाइलमध्ये १६ बिटांच्या इंटसाठी (सी भाषेतला साधा पूर्णांक) वेगळी सोय आहे. इंट लहान आहे हे ओळखून ती फाइल ३२ बिट हवे असतील तिथे लाँग हा मोठा पूर्णांक वापरते आणि एकूण मेमरीचा हिशेबही अनसाइन्ड (बिनचिन्हाच्या) लाँगमध्ये ठेवते. म्हणजे मूळ सोर्स जवळपास जसाच्या तसा कंपाइल होतो. पुढे ५.३ मध्ये मुळातच ६४ बिटांचे पूर्णांक आले. ८०८८ ला ते झेपवायला लावणं म्हणजे छळच. आणखी एक छोटं सुख: सोर्समधल्या एकाही सी फाइलचं नाव आठ अक्षरांच्या वर जात नाही, त्यामुळे डॉसवर नावांची काटछाट करावी लागत नाही.

कंपाइल नव्या मशीनवर, ओपन वॉटकॉम या सी कंपाइलरमध्ये, १६ बिट डॉससाठी लार्ज मॉडेल (कोड आणि डेटा ६४ केबीच्या अनेक तुकड्यांत). तयार फाइल दोन संगणक थेट जोडणाऱ्या नल मोडेम केबलवरून, कर्मिट हा फाइल पाठवायचा प्रोग्राम वापरून. सिरीयल कार्डावर ८२५० चिप आहे, आलेले बाइट साठवून ठेवणारा फिफो नाही, म्हणून सेकंदाला ९६०० बिटांच्या वर गेलो नाही. चहा होईपर्यंत फाइल पोचते.

स्टॅककडे (फंक्शनच्या तात्पुरत्या माहितीच्या जागेकडे) मात्र लक्ष द्या. लुआचा स्ट्रिंग जोडायचा बफर सी च्या स्टॅकवर बसतो आणि त्याचं माप कंपाइलरच्या बफसिझ या स्थिरांकावरून ठरतं. जीसब (स्ट्रिंगमध्ये शोधून बदलायचं फंक्शन) मधून हाक मारलेल्या फंक्शनमध्ये, म्हणजे कॉलबॅकमध्ये, पुन्हा जीसब आलं की असे दोन बफर एकावर एक. मी त्या बफरचं माप, लुआएल_बफरसाइझ, २५६ वर आणलं, लिंकरला १६ केबी स्टॅक मागितला आणि सी कॉलच्या खोलीची २०० ची मर्यादाही बरीच खाली ओढली. तेव्हापासून मशीन गोठलेलं नाही.

आता खरी अडचण. मूळ संख्या शोधणारी इराटोस्थेनिसची चाळणी चालवली, ४००० पर्यंत छान. ५००० मागितले तर 'ब्लॉक टू बिग' म्हणून लुआ थांबली, तेही निम्मीअधिक मेमरी मोकळी असताना! लार्ज मॉडेलमध्ये एकूण मेमरी कितीही असो, एक सलग तुकडा ६४ केबीच्या आतच हवा. लुआचं एक मूल्य म्हणजे ८ बाइटचा डबल आणि २ बाइटचा प्रकार, मिळून १० बाइट. टेबलाचा अ‍ॅरे भाग (१, २, ३ अशा क्रमांकांची मूल्यं) दोनाच्या घातांत वाढतो. ४०९६ मूल्यांना ४०९६० बाइट लागतात, ते बसतात. ४०९७ वं मूल्य आलं की ती थेट ८१९२ ची जागा मागते, म्हणजे ८१९२० बाइट. संपलं.

वेगाचं दुखणं वेगळंच होतं. लुआत प्रत्येक आकडा डबल, आणि ८०८७ नसताना डबलची साधी बेरीजही सॉफ्टवेअरमधून. वॉटकॉमचा एफपीआय पर्याय इंटरप्ट ३४एच ते ३डीएच मधून ८०८७ ची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरकडे जातो, एफपीसी थेट लायब्ररीला हाक मारतो. दुसरा थोडा बरा, पण रिकामा लूपसुद्धा रेंगाळायचाच.

मग लुआ_नंबर हा आकड्यांचा प्रकार डबलवरून लाँगवर नेला. ३२ बिटांची बेरीज ८०८८ ला दोन सूचनांत जमते, त्यामुळे लूप लगेच सुटसुटीत झाले. खरी मजा टेबलात आली. मूल्य आता ४ आणि २, म्हणजे ६ बाइट. ८१९२ मूल्यांना ४९१५२ बाइट लागतात, आणि ते बसतात. चाळणी ८१९२ पर्यंत गेली. इथे पॅकिंग (मेमरीत घटक किती बाइटच्या पटीत लावायचे ते) दोन बाइटचंच हवं, मी ते स्पष्ट सांगून ठेवतो. चार बाइटचं ठेवलं तर मूल्य ८ बाइटचं होतं, ८१९२ शी गुणाकार नेमका ६५५३६, म्हणजे पूर्ण ६४ केबी येतो आणि थोडक्यात हुकतो.

टेबलाच्या हॅश भागाला (जिथे स्ट्रिंगसारख्या किल्ल्या राहतात) मात्र याचा काडीचाही फायदा नाही. तिथला एक नोड (किल्ली आणि मूल्याची जोडी) डबलमध्ये २४ बाइटचा होता, आता १६ चा. पण ४०९६ नोडांना पुन्हा तेच ६५५३६! म्हणजे एका टेबलात स्ट्रिंगच्या किल्ल्या जास्तीत जास्त २०४८, आधीही आणि आताही. शब्द मोजायची स्क्रिप्ट त्यामुळे पहिल्या अक्षरावरून वेगवेगळ्या टेबलांत विभागली आहे.

लाँगवर गेल्याचे परिणाम बघण्यासारखे आहेत. मॅथ.पाय आता ३ आहे. मॅथ.रँडम(१, ६) कायम १ देतं, कारण आतमध्ये रँडचा आकडा त्याच्या कमाल मर्यादेने, रँड_मॅक्सने, भागला जातो आणि पूर्णांकांत त्याचं उत्तर शून्यच येतं. तिथे बाकी काढून १ मिळवणारी ओळ टाकली, फासा नीट पडू लागला. ओएस.क्लॉक पूर्ण सेकंदच सांगतं. मॉड्युलोच्या (बाकी काढायच्या) मॅक्रोमध्ये फ्लोअर (खालच्या पूर्णांकावर नेणारं फंक्शन) आहे, तोही पूर्णांकांत लिहावा लागतो, नाहीतर फ्लोटिंगची लायब्ररी मागच्या दाराने परत येते. शून्याने भागाकार डबलमध्ये 'इन्फ' (अनंत) देऊन सुटायचा, इथे सुटत नाही. आणि एक स्ट्रिंग अनेकदा जोडणाऱ्या स्ट्रिंग.रेपला ४०००० सांगितलं तर रिकामी स्ट्रिंग मिळते, एररही येत नाही. आकडा आत १६ बिटांचा इंट होतो, म्हणजे उणे २५५३६. हे डबलच्या आवृत्तीतही तसंच होतं. मजा अशी की टी या टेबलाचं टी[४००००] मात्र बरोबर चालतं: इंटमध्ये न मावणारी किल्ली लुआ ओळखते आणि हॅश भागात ठेवते.

कचरा, म्हणजे आता न लागणारी मेमरी, गोळा करण्याबद्दल. सेटपॉजची मूळ किंमत २००, म्हणजे वापर दुप्पट होईपर्यंत पुढची फेरी नाही. ६४० केबीत इतकी चैन परवडत नाही. मी ११० ठेवला आहे. मेमरी संपताना आपणहून कचरा उचलायची सोय ५.२ मध्ये आली, ५.१ सरळ 'नॉट इनफ मेमरी' म्हणून मोकळी होते. ईलुआ या छोट्या चिपांसाठीच्या लुआच्या प्रकल्पात ५.१ साठी याचा पॅच आहे, तो बसवायचा आहे.

त्याआधी पार्सर (स्क्रिप्टचा मजकूर वाचून समजणारा भाग) काढलेली आवृत्ती. ५.१ च्या ईटीसी फोल्डरमध्ये नोपार्सर.सी त्यासाठीच आहे. मग स्क्रिप्ट लुआसी या लुआच्या कंपाइलरने आधीच बाइटकोडमध्ये (लुआच्या अंतर्गत सूचनांत) न्याव्या लागतील, आणि नव्या मशीनवरच्या नेहमीच्या लुआसीचा बाइटकोड इथे चालत नाही: हेडरमध्ये इंट, साइझ_टी (मेमरीची मापं ठेवायचा प्रकार) आणि नंबरची मापं असतात, ती जुळली नाहीत की 'बॅड हेडर'. शेवटचा बाइट तर आकडे पूर्णांक आहेत का तेवढंच सांगतो, त्यामुळे माझ्या जुन्या डबल आवृत्तीचा बाइटकोडही गेला. लुआसी एक्सटीसाठीच बांधला आहे आणि सध्या नव्या मशीनवर डॉसच्या एम्युलेटरमध्ये चालवतो.