आवर्तन

७ जानेवारी

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेनंतर मंडळीत यंदाही वर्षभराच्या शास्त्रवाचनाचा तक्ता वाटला. बायबलचे ११८९ अध्याय. रोज तीन-चार घेतले की वर्षात पार पडतात. गेल्या वर्षी मी शेवटच्या चौकोनापर्यंत खुणा केल्या होत्या. यंदाचा तक्ता घडी करून शास्त्राच्या पुठ्ठ्यात ठेवून दिला आहे.

कारण लिहून ठेवते. ऑगस्टमध्ये दादा दवाखान्यात होते, शेवटचे चार दिवस. बोलणं बंद झालं होतं. त्यांनी डोळ्यांनी खुणावलं, काहीतरी म्हण. त्या दिवशी सकाळीच यिर्मयाचे तीन अध्याय वाचून मी खूण केली होती, आणि तोंडात एक ओळ येईना. शेवटी आली ती आजीची, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे." सहा-सात वर्षांची असताना कानावर पडलेली. मी म्हणू लागले तसे दादांचे ओठ हलले. तेही आजीकडूनच शिकले होते ना. पण वर्षभर मी वाचलेलं सगळं त्या वेळी कुठे होतं, हे मला अजून सलतं.

आजीला अक्षरओळख नव्हती. तिचं माहेर जालन्याजवळच्या बेथेलचं, रेव्ह. नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलेलं गाव. रविवारी उपासनेत ऐकलेल्या वचनातली एक ओळ ती पदराला गाठ मारून आणावी तशी घरी आणायची आणि आठवडाभर तीच घोळवायची. ज्वारी निवडताना, चुलीपुढे, अंथरुणावर पडल्यावर. ओठ हलत असायचे. पुढचं सांग म्हटलं की म्हणायची, "थांब गं, हे अजून उतरलं नाही."

बायबलमधल्या पहिल्या स्तोत्रात धन्य माणसाचं वर्णन आहे, तो परमेश्वराच्या नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करतो. आमच्या पाळकसाहेबांनी एकदा सांगितलं होतं की तिथला मूळ इब्री शब्द तोंडाचा आहे. पुटपुटणं, गुरगुरणं, घुमणं. यशयाच्या ३१व्या अध्यायात शिकारीवर बसलेला सिंह गुरगुरतो तिथे तोच शब्द, आणि ३८व्या अध्यायात पारवा घुमतो तिथेही तोच. आपल्या मराठीत 'मनन' म्हटलं की मन आलं, म्हणून मी आजवर डोळे मिटून गप्प बसत होते आणि पाच मिनिटांत गिरणीचा हिशोब सुरू व्हायचा. आजी मात्र घुमत होती.

यंदा एकच स्तोत्र घेतलं आहे, पहिलं. सहाच वचनं. किती दिवस लागतील ते ठरवलेलं नाही.

९ जानेवारी, रात्री

कालव्याचं आवर्तन सुटलं, म्हणजे पाळीचं पाणी. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी आलं की चार-पाच दिवसांत आमच्या विहिरीलाही चढतं. मोसंबी दीड महिन्यापासून ताणावर होती, बहार यावा म्हणून पाणी बंद ठेवलेलं; आज ताण तोडायचा होता. लाईट रात्री साडेदहाची, म्हणून मीही यांच्याबरोबर बॅटरी धरायला गेले.

पाणी दंडातून आधी नुसतं चाचपडत येतं. भेगाळलेल्या मातीत शिरताना बारीक बुडबुडे निघतात, चरचर असा आवाज येतो. आळं अर्धंही भरलं नव्हतं तोच यांनी फावड्याने माती ओढून पाणी पुढच्या झाडाला वळवलं. मी म्हटलं, "एवढंच?" तर म्हणाले, "ही आंबवणी आहे, पहिलं हलकं पाणी. एकदम पोटभर पाजलं तर बहार न फुटता नुसती पालवी फुटंल. काही दिवसांनी चिंबवणी, मग भरून पाणी."

तिसरं वचन तोंडात होतंच, पाण्याच्या प्रवाहाजवळ लावलेल्या झाडाचं. तिथेही मूळ शब्द नुसत्या नदीचा नाही, पाण्याच्या पाटांचा आहे. कुणीतरी खणलेले, वळवलेले पाट. आणि झाडही आपोआप उगवलेलं नाही, आणून लावलेलं आहे. ही गोष्ट मी कितीदा वाचली असेल, पण हातात बॅटरी आणि पायाखाली चिखल असल्याशिवाय ती मला दिसली नाही.

मोठ्याने म्हणत होते ते यांना ऐकू गेलं. म्हणाले, "पानं कोमेजत नाहीत असं आहे का त्यात? आपली तर निम्मी गळाली." माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच गळाली आहेत. बॅटरीच्या उजेडात झाडाखाली पिवळा थर दिसत होता. ती ओळ मी तशीच तोंडात ठेवली.

बाराव्या शतकात गीगो नावाच्या एका मठवासी संन्याशाने शास्त्रवाचनाची चार पायऱ्यांची शिडी सांगितली. वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवापुढे नुसतं असणं. वाचन घास तोंडात घालतं आणि मनन तो चावतं, असं त्याचं म्हणणं. गेलं वर्षभर मी घास भरत होते. चावायला थांबलेच नाही.

१४ जानेवारी

पाच दिवस झाले, पहिल्या वचनापाशी अडकले आहे. निंदकांच्या बैठकीत जो बसत नाही, तो धन्य. मला वाटलं होतं हे वचन सोपं आहे, दुसऱ्यांसाठी आहे. बांधाच्या भांडणापासून थोरल्या जाऊबाईंकडे आमचं येणंजाणं नाही, आणि दर रविवारी उपासनेनंतर कडुनिंबाखाली आम्ही बायका बसतो तेव्हा त्यांच्यावरचा पहिला शब्द माझाच असतो. हे मला कुणी सांगितलं नाही. भांडी घासताना ओठांवर तेच वचन होतं, आणि 'बैठकीत' या शब्दापाशी हात थांबले. पटकन चौथ्या वचनाकडे वळावंसं वाटलं, दुर्जन वाऱ्याने उडणाऱ्या भुसासारखे आहेत ते. तिथे जाऊबाईंचं तोंड डोळ्यांपुढे येत होतं, म्हणूनच वळले नाही.

संध्याकाळी शेजारच्या काकू तिळगूळ घेऊन आल्या. त्यांच्या घरून रोज दिवेलागणीला हरिपाठ ऐकू येतो. २७ अभंग, पोथी न उघडता. मी विचारलं, "काकू, रोज तेच म्हणून कंटाळा येत नाही?" म्हणाल्या, "अगं, आवर्तनं झाल्याबिगर मुरतंय का?"

त्या गेल्यावर बराच वेळ उंबऱ्यात बसून होते. कालव्याला आवर्तन म्हणतो आणि पाठालाही आवर्तन म्हणतो, हे मी जन्मभर बोलत आले आणि कधी ऐकलं नव्हतं.

मग वाटीभर तिळाच्या वड्या घेऊन जाऊबाईंकडे गेले. त्यांनी दारातच वाटी घेतली, रिकामी करून परत दिली. आत या म्हणाल्या नाहीत. मीही बांधाचा विषय काढला नाही. परत येताना पाय थरथरत होते, आणि तोंडात स्तोत्र नव्हतं, नुसतं "प्रभू, प्रभू" चाललं होतं.

जेवताना हे म्हणाले, "त्या दिवशी काय म्हणत होतीस, पाटाजवळच्या झाडाचं, ते म्हण ना." म्हटलं. दोनदा म्हणायला लावलं. 'आपल्या हंगामी फळ देते' तिथे थांबवून म्हणाले, "बघ, हंगामी म्हणलंय." मग उठून फावडं शोधायला गेले. चिंबवणीचं पाणी आज आहे, लाईट परत साडेदहालाच. कळी अजून कुठेच नाही, मी दुपारी प्रत्येक ओळीतून फिरून पाहिलं.