दारू सोडली म्हून गेला

आमच्याकडं मयतीला गेलं की हे वाक्य ठरलेलंच. "पीत होता तवर धडधाकट होता, सोडली अन् आठ दिवसात गेला बघ." लातूर असो, बीड असो, परभणी असो, सांगणारा कुणीतरी नाना नाहीतर आप्पा असतोच, अन् ऐकणाऱ्यातले जे चारदोन जण रोजचे आहेत त्यांना हे ऐकून लई धीर येतो, म्हणजे आपण सोडत नाही तेच बरं चाललंय. रात्री परत ढाब्यावर.

वैताग याचा की हे साफ खोटं पण नाही. अर्धं खरंय.

लग्नाबिग्नात कधीमधी घेणाऱ्याला सोडल्यानं काही होत नाही. पण जो वर्षानुवर्षं रोज पितो, सकाळी हात कापतात म्हणून आधी नाईन्टी मारतो अन् मग चहा घेतो, त्याच्या मेंदूची सवयच बदललेली असते. दारू मेंदूला सुस्त करते, मेंदू रोज उलटा जोर लावून जागा राहतो, रस्सीखेचच म्हणा ना, आणि एके दिवशी समोरच्यानं दोर सोडला की जे होतं तेच इथं होतं. सहा-आठ तासात थरथर, घाम, उलट्या, झोप नाही. पहिल्या दोन दिवसात फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही जणांना भास सुरू होतात, भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं हाक मारतात, घरचे ओळखू येत नाहीत. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात अन् वेळेवर उपचार नाही मिळाले तर माणूस खरंच जातो.

आणि नेमकं याच टायमाला आपल्याकडं काय ठरतं? "बाहेरचं झालंय." घाला जीपमधे, न्या देवऋष्याकडं. जे दोन दिवस दवाखान्यात असायला पाहिजे ते लिंबू-अंगाऱ्यात जातात.

सोडायचा मुहूर्त पण आपला ठरलेला. गटारीला गळ्यापर्यंत आणि श्रावण लागला की एकदम बंद. नाहीतर सप्त्यात महाराजांच्या हातून माळ घातली की बंद. माळेला मी नावं ठेवत नाही हां, माळेमुळं सावरलेली घरं आपल्याकडं गावोगाव आहेत, कारण संध्याकाळी सातला ढाब्याऐवजी हरिपाठाला जायची सोय होते आणि व्यसनी माणसाला सगळ्यात अवघड वेळ तीच असते. फक्त सकाळपासून पिणाऱ्यानं माळेच्या आधी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात, नाहीतर अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दाखवावं. तिथं फिट येऊ नये म्हणून काही दिवस गोळ्या देतात, त्या हळूहळू कमी करतात, अन् बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात. हे बी-वन लई महत्त्वाचं. रोज पिणाऱ्याच्या अंगात ते संपत आलेलं असतं, आणि आपण "डॉक्टर, अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा" म्हणून ग्लुकोज चढवून घेतो. बी-वन न देता नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

मग त्या भिंतीवरच्या जाहिराती, "न सांगता दारू सोडवा". बाया बिचाऱ्या पैसे साठवून पुड्या आणतात, वरणात कालवतात, आत काय आहे देव जाणे. दारू सोडवायला डिसल्फिराम नावाची खरी गोळी आहे, पण तिच्यावर दारू पोटात गेली की तोंड लाल, उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली, कधी जिवावर बेततं. म्हणून डॉक्टर ती पिणाऱ्याला सांगून, त्याच्या मर्जीनंच देतात.

आता उरलेलं अर्धं, जे खोटंय. आपली माणसं सोडतात कधी? अंगच घेत नाही तेव्हा. डोळे पिवळे, पोटात पाणी, पायावर सूज, रक्ताची उलटी, मग घाबरून बंद. लिव्हर लई दिवस गप्प राहतं, दुखत नाही, खुपत नाही, आणि बोलायला लागतं तोवर आकसून निबर झालेलं असतं. म्हणजे सोडली म्हून गेला नाही, जायची वेळ आली म्हून सुटली. पण मयतीत हे कोण बोलणार, समोर बायको-पोरं बसलेली, मुकादमाची उचल अंगावर, अन् ती आता कोण फेडणार हे सगळ्यांनाच कळलेलं.

कुठं जायचं सुचत नसेल तर १४४४६ ही नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६ टेलिमानसची, म्हणजे मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, दोन्हीवर फोन फुकट. आणि दवाखान्यात जाताना घरातल्या बाईला सोबत न्या. किती घेता असं डॉक्टरनी विचारलं की आपला गडी म्हणतो "कधीमधी, थोडी". औषध किती द्यायचं ते याच उत्तरावर ठरतं आणि शेवटची कधी घेतली, किती वाजता, देशी का हातभट्टी, हे सगळं तिला तोंडपाठ असतं.