बाबांच्या मोबाइलमधलं बिनआयकॉनचं ॲप

सकाळी सव्वासातला बाबा माझ्या खोलीच्या दारात आले. हातात मोबाइल. "अगं, रात्री हे काय आलंय बघ." दोन वाजून काही मिनिटांनी आलेले तीन ओटीपी आणि त्याखाली १८,४०० रुपये वजा झाल्याचा मेसेज. बाबा तेव्हा गाढ झोपेत होते.

आधी त्यांचा फोन फ्लाइट मोडवर टाकला. मग माझ्या फोनवरून बँकेला फोन लावून कार्ड ब्लॉक केलं आणि तक्रार क्रमांक लिहून घेतला. लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावली. पहिल्या दोन वेळा लाइन बिझी, तिसऱ्यांदा लागली. पैसे एका वॉलेटमध्ये गेले होते. तक्रार नोंदवेपर्यंत त्यातले ७,२०० तिथेच शिल्लक होते, ते होल्ड झाले. उरलेले ११,२०० पुढे सरकले होते. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवरची तक्रार त्यानंतर भरली.

मग बाबांच्या शेजारी बसले. मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी "सगळे पिक्चर, सगळ्या मॅचेस फुकट" अशी लिंक टाकली होती. त्यावरून एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल, उतरली. ॲप उघडल्यावर "व्हिडिओसाठी प्लेयर अपडेट करा" असं आलं, मग "एसएमएस वाचायची परवानगी द्या", आणि शेवटी "खातं पडताळण्यासाठी एक रुपया भरा". त्या पानावर बाबांनी कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडेही भरले. म्हणजे कार्ड भामट्यांच्या हातात गेलंच होतं, ओटीपी तेवढा हवा होता. मेसेज वाचायच्या परवानगीने तोही मिळाला. पिक्चर दाखवणाऱ्या ॲपला आपले मेसेज कशाला लागतात?

फोन तडक रीसेट करावासा वाटत होता, पण आधी लिंक, फाइलचं नाव आणि सगळ्या मेसेजेसचे फोटो माझ्या फोनवर काढून ठेवले. पुढे सायबर पोलीस ठाण्यात तेच कामाला आले. ते ॲप स्क्रीनवर कुठे दिसतच नव्हतं. सेटिंगमधल्या ॲप्सच्या यादीत अगदी तळाशी सापडलं, आयकॉनच नाही. "अनइन्स्टॉल" बटण फिकट, दाबता येईना, कारण त्याने डिव्हाइस ॲडमिनचा, म्हणजे फोनवर ताबा ठेवायचा, हक्क घेतला होता. फोन सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरून टाकलेली ॲप्स बंद ठेवून, सुरू करून तो हक्क काढला, तेव्हा कुठे ते निघालं. तरी मी पुढे फोन रीसेट केलाच, आणि ईमेल, बँक, सगळ्यांचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले.

बँकेशी बोलताना रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक वाचून गेले होते. ग्राहकाने स्वतः माहिती दिली असेल, तर तक्रारीआधीचं नुकसान त्याचं. तक्रारीनंतर काही गेलं तर ते बँकेचं. म्हणून तक्रारीची वेळ लेखी हवी.

ऑफिसात एकाने व्हीपीएन घ्यायला सांगितलं. व्हीपीएनमुळे वायफायवरचा आपला वावर झाकला जातो आणि टॉरेंटवर, म्हणजे लोक एकमेकांकडून थेट फाइली उतरवतात तिथे, सगळ्यांना दिसणारा आपला आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आपला क्रमांक) लपतो, हे खरं. पण आपण हाताने टाकलेलं ॲप आणि आपणच दिलेली परवानगी त्याने अडत नाही. आणि फुकटच्या व्हीपीएनवर तर माझा काडीचा विश्वास नाही. आपला सगळा वावर त्या कंपनीच्या हातातून जातो.

बाबांच्या फोनमध्ये आता "अनोळखी ॲप इन्स्टॉल" सगळीकडे बंद आहे. जुने कार्यक्रम पाहायला प्रसार भारतीचं वेव्हज हे ॲप टाकून दिलंय, तेही प्ले स्टोअरवरून.

मी बाबांना एका शब्दाने बोलले नाही. ते सकाळीच येऊन बोलले म्हणून ७,२०० तरी अडले. संध्याकाळी त्यांनी आपण होऊन सोसायटीच्या ग्रुपवर सगळं लिहिलं, लपवाछपवी न करता. रात्री दहापर्यंत दोन घरांतून फोन आले. तेच ॲप त्यांच्याही फोनमध्ये होतं.