झील धरताना

ख्यालाची तालीम बारा वर्षे घेतल्यानंतर मी गोंधळाच्या अभ्यासाकडे वळले, तेव्हा माझ्याजवळ रेकॉर्डर होता, वही होती आणि प्रश्नांची नीट टाइप केलेली यादी होती. ‘संबळावरचा हा ठेका कोणता?’ असे विचारले की गोंधळी काका तो ठेका पुन्हा वाजवून दाखवीत आणि थांबत, कारण त्यांच्या लेखी उत्तर देऊन झालेले असे.

एका लग्नघरच्या गोंधळाला त्यांचा झीलकरी, म्हणजे मुख्य गायकाला साथ देत धृपद उचलणारा, आला नाही. रात्री अकराच्या सुमारास काका म्हणाले, ‘‘ताई, तुम्ही गाता ना? मग झील धरा.’’ मी उभी राहिले आणि माझ्या सवयीप्रमाणे त्यांची ओळ पूर्ण होण्याची वाट पाहू लागले. ओळ संपली की श्वास घेऊन, स्वर नीट लावून मी धृपद म्हणत असे आणि प्रत्येक वेळी मध्ये एक पोकळी पडत असे. तीन-चार ओळींनंतर ते न रागावता स्वतःच धृपद उचलू लागले. तेव्हा माझ्या लक्षात आले की झील म्हणजे गायकाच्या मागून येणारा प्रतिध्वनी नव्हे. ओळीचे शेवटचे अक्षर हवेत असतानाच ती वरच्या पट्टीत उचलायची असते, आणि तेवढ्या अवधीत आख्यान सांगणारा श्वास घेतो, पुढचे कडवे आठवतो, समोरच्या मंडळींचा अंदाज घेतो. माझ्या आधीच्या टिपणांत मी या जागांपुढे ‘झील घाईने येते, ढिसाळ’ असे लिहून ठेवले होते. ती सगळी ध्वनिमुद्रणे मला पुन्हा ऐकावी लागली.

मॅन्टल हूड या अमेरिकी अभ्यासकाने 1960 साली हाच आग्रह धरला होता, की एथ्नोम्युझिकॉलॉजीच्या, म्हणजे संगीताचा त्याच्या समाज-संस्कृतीसह अभ्यास करणाऱ्या शास्त्राच्या, विद्यार्थ्याने अभ्यासविषय असलेले संगीत स्वतः शिकावे, दोन भाषा बोलणाऱ्याने बोलाव्यात तसे दोन संगीतांत वावरावे. मराठीत मात्र आपल्याला अधिक जवळचे उदाहरण आहे ते डॉ. अशोक दा. रानडे यांचे. गजाननबुवा जोशी आणि बी. आर. देवधर यांच्याकडे शिकलेला हा गायक मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचा प्रमुख झाला, आणि आदिम, लोक, भक्ती, कला, जन व संगम अशा संगीताच्या कोटी मांडत असतानाच ‘बैठकीची लावणी’सारखे कार्यक्रम रंगमंचावर आणत राहिला. बैठकीच्या लावणीविषयीचा विचार तिथे श्रोत्यांसमोर गाऊन तपासला जात होता, आणि माझ्या मते त्यांच्या संशोधनाचे बळ तिथेच आहे.

व्यवहारात हा मार्ग कष्टाचा आहे. एका मुलाखतीत मला विचारले गेले, ‘‘तुम्ही नक्की गायिका की संशोधक?’’ आणि एका मैफलीच्या आयोजकांना माझी पीएच.डी. गाण्यातली उणीव वाटली. शिकवण्या, अधूनमधून मैफल आणि मिळाली तर शिष्यवृत्ती यांवर घर चालते. रियाझ आणि लेखन दोन्हींना सकाळच हवी असते. या वाटेने येऊ पाहणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की आधी एका संगीतात पक्के व्हा, कारण दुसऱ्या संगीतात आपण कुठे चुकतो हे त्या पक्केपणामुळेच कानाला कळते. अभिलेखागारांत बसून ऐकायची सवयही लवकर लावा. 1982 साली पुण्यात सुरू झालेले आणि आता गुरुग्राममध्ये असलेले अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे संगीत अभिलेखागार मला त्यासाठी फार मोलाचे वाटते. आपली ध्वनिमुद्रणे कुठेही ठेवण्यापूर्वी गाणाऱ्यांची संमती घ्यावी आणि त्यांची प्रत आधी त्यांच्या घरी पोहोचवावी.

त्या रात्री पहाटे आरती झाल्यावर काकांनी मिळालेल्या दक्षिणेतला झीलकऱ्याचा वाटा माझ्या हातावर ठेवला. मी नको म्हणाले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘धरली ना झील? मग घ्या.’’ मी तो घेतला, आणि पुढच्या आठवड्यात प्रश्नांची यादी न नेता, झीलच शिकायला त्यांच्याकडे गेले.