नोटाबंदी, कॅश काउंटर आणि लग्नाची पत्रिका

१८ नोव्हेंबर २०१६, शुक्रवार. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेत मी कॅशला होते. आदल्या दिवशी टीव्हीवर दोन घोषणा झालेल्या, नोटा बदलून घ्यायची मर्यादा साडेचार हजारांवरून दोन हजारांवर आणली आणि लग्नघराला अडीच लाख काढता येतील म्हणे. पहिलीचा राग आणि दुसरीची आशा, दोन्ही घेऊन लोक सकाळी सातपासून शटरबाहेर उभे. आमच्याकडे लग्नाबद्दल लेखी काहीच आलेलं नव्हतं.

ट्रेनिंगला इमोशनल इंटेलिजन्सचं, म्हणजे आपल्या नि समोरच्याच्या भावना ओळखून वागायचं, एक लेक्चर असतं, त्यात शांत राहा सांगतात. पण कॅशियरला शांत राहायचं कारण वेगळंच असतं हो, चिडलं की मोजणी चुकते आणि संध्याकाळी शॉर्टेज आलं की ते आपल्या खिशातून भरायचं. त्यामुळे स्वतःवर लक्ष ठेवायची सवयच लागते. माझे आधी कान तापतात, मग बोटं घाई करायला लागतात. कान तापले की मी ड्रॉवरला कुलूप लावून पाणी पिते, रांग कितीही ओरडू दे.

त्या दिवशी साहेबांनी एक काम भारी केलं. दर तासाला बाहेर जाऊन कॅश किती उरलीय ते खरं सांगायचे. लोक चिडायचे, पण उगाच आशेवर उभं राहायला लागत नव्हतं त्यामुळे भडका उडत नव्हता.

दुपारी एक काका आले, हळदकुंकू लावलेली पत्रिका काचेवर आपटली. "काल टीव्हीवर सांगितलंय अडीच लाख, तुम्ही का देईना? पोरीचं लग्न मोडायचंय का?" कान तापले. कुलूप, पाणी. मग लक्षात आलं की माणूस चिडलेला कमी आणि घाबरलेला जास्त आहे, व्याह्यांपुढे मान खाली जाईल याला. नियम सांगून भीती जात नाही. म्हटलं, "काका, लग्न कधी?" "रविवारी." "मग कुणाकुणाचे पैसे अडलेत ते सांगा बघू, आपण लिहून काढू."

आवाज तिथंच खाली आला. आचारी, मंडप, बँडवाला, भटजी. आठवड्याला एका खात्यातून चोवीस हजार मिळत होते, काकूंचंही खातं आमच्याकडेच निघालं, म्हणजे दोघांचे मिळून अठ्ठेचाळीस. मंडपवाल्याचं खातंही आमच्याच शाखेत, साहेबांनी त्याला फोन करून चेक घ्यायला राजी केलं. किराणा दुकानदार उधारीवर थांबला. मागची रांग कुरकुरत होती, पण एका आजींनीच सगळ्यांना दटावलं, "लग्नघर हाय, होऊ द्या त्यांचं."

संध्याकाळी कॅश टॅली झाली, रुपयाचा फरक नाही.

सोमवारी लग्नाच्या अडीच लाखांचं परिपत्रक आलं. पत्रिका पाहिजे, हॉल नि केटररच्या पावत्या पाहिजेत, कुणाला रोख देणार त्यांची यादी पाहिजे. साहेबांनी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि आम्ही सगळे हसत सुटलो, काकांच्या मुलीचं लग्न आदल्याच दिवशी लागलं होतं.